हिरव्या तुरीतला मांडव

ती हिरवी तूर मला आजही आठवते. तिच्यासमोर घातलेला मांडव, मुंडावळ्या बांधलेलं जोडपं आणि दोघांच्या मधे नव्या फ्रॉकमध्ये उभी असलेली आठ वर्षांची मुलगी. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खुनांचे, दरोड्यांचे, अपघातांचे शेकडो फोटो पाहिले आणि बहुतेक विसरलो. हा एक राहिला, कारण त्यानं मला आधी चुकीच्या वाटेला लावलं आणि मग बरोबर वाटेवरही त्यानंच आणलं.

तेव्हा मी आर्णी भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. कापसाला भाव नसलेली ती वर्षं. लोकांनी भाव वाढेल या आशेनं कापूस घरातच भरून ठेवलेला. निजायच्या खोलीत कापूस आणि माणसं ओसरीवर, अशी स्थिती. आमची निम्मी माणसं खरेदी केंद्राच्या बंदोबस्तावर, उरलेली पुढाऱ्यांच्या दौऱ्यांवर. ठाण्यात मी, जमादार, एक मुन्शी आणि एक महिला शिपाई एवढेच काय ते उरायचो. अशात पोलीस अधीक्षक कार्यालयातून एक लिफाफा आला. वर शेरा होता: 'सखोल चौकशी करून अहवाल तात्काळ सादर करावा.' असा शेरा सगळ्याच कागदांवर असतो, त्याचं आम्हाला काही वाटत नाही. पण आत जे होतं ते आमच्या ठाण्यात कधी आलं नव्हतं.

हद्दीतल्या एका गावातली अंगणवाडी सेविका. नवरा वारलेला. तिनं दुसरं लग्न केलं होतं ते मूळच्या वणीकडच्या एका माणसाशी. हा माणूस कोळशाच्या खाणीत मोठ्या यंत्रांचा मेकॅनिक होता, पुढे आखातात गेला, तिथून कॅनडाला जाऊन तिथला कायम रहिवासी झाला. त्यानं आता बायकोसाठी आणि तिच्या पहिल्या नवऱ्याच्या मुलीसाठी, दोघींसाठी कायम वास्तव्याचा अर्ज केला होता. त्या देशाच्या दिल्लीतल्या उच्चायुक्तालयात तो अर्ज तपासला जात असतानाच तिथे एक निनावी तक्रार पोचली. उच्चायुक्तालयानं ती आमच्या वरिष्ठांकडे पाठवली आणि वरून ती माझ्या टेबलावर येऊन पडली.

तक्रार रेघांच्या कागदावर, निळ्या शाईत होती. मजकूर थोडका. 'सदर बाईनं लग्नाचे म्हणून जे फोटो पाठवले ते बोगस आहेत. मांडव फोटोसाठी घातला. फोटोत जी मुलगी दिसते ती लग्नाच्या दिवशी मामाकडे होती. सबब मुलीला परदेशी नेऊ देऊ नये.' खाली सही नाही.

जमादार माझ्याहून वयानं मोठे, पस्तीस गावांची नस ओळखणारे. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"साहेब, यात पाणी मुरून राह्यलं," ते म्हणाले. "बाई पुढं, पोट्टी मागं. पोट्टीच न्यायची असंन त्याईले."

मलाही तेच वाटलं. खोटं लग्न दाखवून मुलींना बाहेर नेण्याची एक तक्रार मी आधीच्या ठाण्यात हाताळली होती, त्यामुळे माझं मन आधीच एका बाजूला झुकलेलं होतं. शिवाय त्याच दिवशी चौकशीत आणखी एक गोष्ट कळली. ही बाई लग्नानंतरही पहिल्या सासऱ्याच्याच घरी राहत होती. दुसरं लग्न केलेली बाई जुन्या सासऱ्याच्या घरी कशी राहील? माझा संशय पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या हजेरीनंतर तिला ठाण्यात बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवली. तिशीतली बाई, अंगणवाडीच्या गणवेशाची साडी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. पिशवीत कागदांची फाइल आणि अल्बम. कुणी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "साहेब, दिल्लीवाल्यायनं मुदत देल्ली. एका महिन्यात उत्तर नाही गेलं तं अर्ज फेटाळते म्हणे. मग आमाले परत कधीच अर्ज करता येत नाही."

"उत्तर खरं असलं तर जाईल," मी म्हणालो. आवाज मुद्दाम कडक ठेवला होता. "लग्न कधी झालं?"

"वैशाखात. मागच्या."

"मांडव कुठं?"

"घरामागं. शेतातच."

"मुलगी होती?"

तिनं मांडीवरची पिशवी सरकवली. "होती ना. फोटोत हाय."

मी अल्बम उघडला. पाहुणे, हार, पंगत, सगळं होतं. फोटोग्राफरनं प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात वैशाखातली तारीख छापलेली. एका फोटोत म्हाताऱ्या माणसानं कानाला दुपट्टा बांधलेला. तो पुरावा होत नाही, आमच्याकडे उन्हाळ्यातही कानाला दुपट्टा लागतोच. दारात कापसाची गंजी दिसत होती. एरवी वैशाखात ती संशयास्पद ठरली असती, पण त्या वर्षांत घरोघरी तेच होतं. मी पानं उलटत गेलो आणि जोडप्याच्या मोठ्या फोटोवर थांबलो. दोघांच्या मागे, मांडवाच्या खांबापलीकडे, तूर उभी होती. डोक्याइतकी उंच, हिरवीगार, शेंगांनी लवलेली.

मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो. वैशाखात आमच्याकडे शेतात ढेकळं असतात. तूर संक्रांतीच्या आगेमागे कापून मोकळी होते. दिल्लीतल्या साहेबाला हे कळायचं कारण नव्हतं, मला मात्र त्यासाठी पंचनामा करायची गरज नव्हती.

मी अल्बम तिच्याकडे फिरवला आणि तुरीवर बोट ठेवलं.

"बाई, ही तूर वैशाखातली?"

तिनं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं सगळं अवसान एका क्षणात गळून पडलं. महिला शिपायानं पाण्याचा पेला पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

"म्हणजे लग्न झालंच नाही," मी म्हणालो.

"झालं!" ती एवढ्या मोठ्यानं बोलली की बाहेरचा मुन्शी डोकावला. "लगन झालं साहेब. वैशाखातच झालं. पण तो पाट होता. पाटाचा फोटो कोन काढते?"

मी अल्बम मिटला.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. विधवेचं दुसरं लग्न आमच्याकडच्या कितीतरी घरांत 'पाट' म्हणून लावतात. त्याला मांडव नसतो, वाजंत्री नसते, पत्रिका छापत नाहीत. चार जाणती माणसं बसतात, बाईला नवं लुगडं आणि चुडा देतात, कुंकू लावतात, गूळ वाटतात. सवाष्णींनी पाहायचं नसतं आणि बाईच्या लेकरांना तर त्या दिवशी गावातही ठेवत नाहीत. हे बरं की वाईट हा वेगळा विषय. मला ती पद्धत कधीच आवडली नाही. दुसऱ्यांदा संसार मांडणाऱ्या बाईनं तोंड लपवून का बसावं, हे मला अजून कळलेलं नाही. पण पाट लागला की समाज ते लग्न मानतो, आणि त्या दिवसापासून ती त्या माणसाची बायको असते.

पुढचं तिनं एका दमात सांगितलं. अर्जासोबत लग्नाचे फोटो मागितले होते. पाटाचा एकही नव्हता. नागपूरच्या एजंटानं सांगितलं की मांडव, हार आणि जेवणावळ दिसल्याशिवाय तिकडचे लोक लग्न मानत नाहीत. मुलगी फोटोत नसली तर मुलीचा अर्ज तर नक्कीच पडेल. नवरा पौषात सुटीवर आला तेव्हा यांनी घरामागे मांडव घातला, पाहुणे बोलावले, मुंडावळ्या बांधल्या, पोरीला नवा फ्रॉक घेतला. तारखा एजंटाच्या ओळखीच्या फोटोग्राफरनं छापून दिल्या.

"मले वाटलं, खरंच लगन हाय, त्याचा फोटो खोटा असला तं काय बिघडते," ती म्हणाली. मग रडत पुढे म्हणाली, "एजंट म्हनते, आता तुमी एकटीचं पाहा, पोरीचं नंतर पाहू. साहेब, मी पोरीले टाकून नाही जात. नाही तं मी बी नाही जात."

खरं लग्न सिद्ध करायला खोटा पुरावा तयार केला आणि त्यामुळे खरंच संशयात आलं. असले प्रकार मी जमिनीच्या दाव्यांत पाहिले होते, माणसांच्या बाबतीत पहिल्यांदाच पाहत होतो. तिला मी घरी पाठवलं. सकाळी तिच्याशी ज्या आवाजात बोललो, त्याची मला लाज वाटत होती.

आता दोन कामं उरली. तक्रार कुणी केली हे शोधायचं, आणि पाट खरंच लागला होता याचा भक्कम साक्षीदार मिळवायचा. पाटाला कोण कोण होतं हे ती सांगत होती, पण तिच्या नात्यातल्या माणसांचा जबाब दिल्लीत कोण मानणार?

तक्रारदार सापडायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. जमादारांनी अक्षर पाहून सांगितलं, "हे तहसिलीतल्या अर्जनवीसाचं हाय. 'सबब' लिवल्याशिवाय त्याचा कागदच संपत नाही." अर्जनवीस तहसिलीबाहेरच्या कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. त्यानं आधी कानावर हात ठेवले. जमादार त्याच्या बाकावर शेजारी जाऊन बसले आणि काही न बोलता तंबाखू मळू लागले, तेव्हा त्याची जीभ सुटली.

"सायकलवर एक बुढा आलता साहेब. दुपट्टेवाला. सांगे तसं लिवलं म्या. सांगता सांगता रडे."

मी तक्रार पुन्हा काढली. 'ती लग्नाच्या दिवशी मामाकडे होती.' मांडव नंतर घातला हे गावातला कुणीही सांगू शकला असता. पण पाटाच्या दिवशी मुलगी कुठं होती हे फक्त पाटाला बसलेल्यांनाच ठाऊक असणार. त्यात दुपट्टेवाला म्हातारा एकच होता. तो फोटोतही होता. बाईचा पहिला सासरा.

दुपारी आम्ही गावात गेलो. जीप शाळेजवळ ठेवून पायी गेलो. दारात जीप उभी राहिली की माणसं बोलायची बंद होतात. म्हातारबा ओट्यावर बसले होते. शेजारी पाटी, पाटीवर इंग्रजी अक्षरं, वाकडीतिकडी, काही अर्धवट पुसलेली. नातीचा अभ्यास असेल असं समजून मी पाटी बाजूला सारली आणि बसलो.

घरातून सुनेनं मला पाहिलं. "मामाजी, साहेब आले," एवढंच सासऱ्याला म्हणाली आणि दारातच उभी राहिली. तक्रार कुणाची हे तिला ठाऊक नव्हतं.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. म्हातारबांचा मुलगा लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत जिनिंगमध्ये फिटर होता. काविळीनं गेला. नात तेव्हा दोन वर्षांची. मग मी तक्रारीचा विषय काढला.

"मले का माहीत साहेब. मले तं लिवता येत नाही," ते म्हणाले. ते खरंच होतं.

दम देऊन उपयोग नव्हता. खोटी तक्रार केली म्हणून कारवाई करावी तर तक्रारीत खोटं एक अक्षर नव्हतं. पण घटकाभर बोलल्यावर मला या माणसाचा स्वभाव कळला होता. मानी माणूस. जे केलं ते नाकारायला लागणं त्याला जड जात होतं. मी उठायच्या बेतात आलो आणि जमादारांना म्हणालो, "लिहा. पाट लागला असं सून म्हणते, पण तिथं वडीलधारं कुणी नव्हतं. चार परके लोक होते. त्याला लग्न म्हणता येत नाही."

"कोन म्हनते?" म्हातारबा ताडकन उभे राहिले. "वडीलधारं कोनी नव्हतं कसं? म्या सोता बसवलं तिले पाटावर! लेक मेला तं सुनेले जलमभर बसवून ठेवू का? चुडा म्या आनला आर्णीहून. गूळ म्या वाटला. नवरा परदेशात, म्हनून घरीबी म्याच ठेवलं तिले. साऱ्या गावात इचारा!"

"जमादार," मी म्हणालो, "हे जसंच्या तसं लिहून घ्या."

जमादारांचं पेन चालू लागलं. म्हातारबांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते हळूच खाली बसले.

"आबाजी, मग तो अर्ज?" मी विचारलं.

"लिवलं ते खरंच हाय ना? मांडवातलं लगन खोटंच होतं," ते म्हणाले. आवाज उतरला होता. "साहेब, आमच्यात बाई पाटानं गेली तं लेकरू बापाच्या घरी राह्यते. म्या म्हनलं सून जाईन, पोट्टी मले राहीन. वणीले असती तं एष्टीनं जाऊन आलो असतो. त्यानं कागदात पोट्टीचंबी नाव टाकलं. माह्या लेकाची तेवढीच निशानी हाय. मी कुठं जाऊ तिले पाहाले?"

दारात उभ्या सुनेनं तोंडाला पदर लावला. मला त्यांना कायदा सांगायचा होता. बाप नसलेल्या मुलीची पालक तिची आई, हे मी सांगितलंही. पण सांगताना मला बरं वाटत नव्हतं. त्यांचं दुःख कायद्यात कुठं बसत नव्हतं.

तेवढ्यात नात शाळेतून आली. दप्तर टाकलं, आम्हा पोलिसांकडे एकदा पाहिलं, आणि मी बाजूला सारलेली पाटी उचलली.

"आबाजी, हे काय? अर्धंच लिवलं? काल तं सारं येत होतं तुमाले."

मी विचारलं, "हा तुझा अभ्यास नाही?"

"आबाजीचा हाय. कॅनडाचा पत्ता शिकवून राह्यली त्याईले. त्याईनंच म्हनलं, मले लिवाले शिकव म्हनून. नाही तं पत्र कसं टाकतीन?"

ज्या पत्त्यावर नातीला जाऊ द्यायचं नाही म्हणून त्यांनी अर्ज लिहवून घेतला होता, तोच पत्ता ते रोज तिच्याकडून शिकून गिरवत होते. दोन्ही गोष्टी त्यांनी मनापासून केल्या होत्या.

म्हातारबांनी नातीला जवळ ओढलं. मग जमादारांना म्हणाले, "लिवा साहेब. पोट्टी मायसंग राहीन. माही ना नाही. लिवा, म्या सोता सांगतलं म्हनून."

जबाब वाचून दाखवला. त्यांनी अंगठा लावायला हात पुढे केला, मग मागे घेतला, पेन मागितलं आणि इतक्यातच शिकलेल्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, कारण नातीनं तेच शिकवलं होतं.

बाकीच्या तिघा साक्षीदारांचे जबाब संध्याकाळपर्यंत झाले. अहवाल मी स्वतः लिहिला. फोटो पौषात काढले आहेत आणि त्यांवरच्या तारखा खोट्या आहेत, हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहिलं. जमादार म्हणाले, "साहेब, हे झाकलं असतं तं?" मी म्हणालो, झाकाझाकीनंच हे सगळं अंगाशी आलंय. त्यापुढे पाट म्हणजे काय, त्याचे फोटो का नसतात, मुलीला का दूर ठेवतात, आणि तक्रार करणाऱ्यानंच हे लग्न कसं लावून दिलं, हे लिहिलं. अधीक्षक कार्यालयानं ते इंग्रजीत मागितलं. 'पाट' या शब्दासाठी इंग्रजी शब्द शोधताना मी रात्रभराच्या गस्तीपेक्षा जास्त दमलो. शेवटी शब्द तसाच ठेवला आणि सहा ओळींत तो समजावून सांगितला.

मायलेकींना दिल्लीला मुलाखतीला बोलावलं. तिथल्या अधिकारी बाईनं मुलीला विचारलं म्हणे, तुझ्या आईचं लग्न कुणी लावलं? मुलगी म्हणाली, "माह्या आबाजीनं." काही महिन्यांनी दोघींचा परवाना आला.

निघायच्या आधी तिघंही ठाण्यात आली. म्हातारबांनी विचारलं, "तुमचा तो फोटोवाला हाय ना, पंचनाम्याचा? त्याले बोलवा." फोटोग्राफर आला. ठाण्याच्या आवारात, मागे आमची जुनी जीप, मधे खुर्चीवर म्हातारबा, एका बाजूला सून, एका बाजूला नात. प्रती आल्या तेव्हा त्यांनी एक माझ्यापुढे ठेवली.

"मागं तारीख टाका साहेब. खरी. आन् शिक्का मारा."

खासगी फोटोवर ठाण्याचा शिक्का मारता येत नाही, मी मारला नाही. तारीख मात्र माझ्या हातानं लिहिली आणि खाली सही केली.

या प्रकरणानं माझ्या कामाची एक सवय बदलली. त्याआधी कागद समोर आला की मी पहिला प्रश्न विचारायचो, हे खरं की खोटं? त्यानंतर विचारू लागलो, हे असं का करावं लागलं? खोटा कागद करणारे सगळेच लबाड नसतात, आणि खरी तक्रार करणाऱ्याच्या पोटातही दुसरंच काही असू शकतं, हे मी एका ओट्यावर बसून शिकलो. तिथे मी शहाणपण घेऊन गेलो नव्हतो. तूर ओळखता आली, एवढंच माझं भांडवल होतं.

माझी बदली झाली तेव्हा म्हातारबा निरोपाला आले. हातात पाकीट. वर कॅनडाचा पत्ता, त्यांच्याच अक्षरात.

"वाचून पाहा साहेब. पोचंन ना?"

मी अक्षर न् अक्षर तपासलं. "पोचेल," मी म्हणालो.

चारेक महिन्यांनी जमादारांचा नव्या ठाण्यात फोन आला. तिकडून उत्तर आलं होतं, सोबत एक फोटो. मुलगी गुडघाभर बर्फात उभी, कानाला दुपट्टा बांधलेला, अगदी आजोबांसारखा. आणि मागे, न विसरता, तिनं तारीख घातली होती.